श्वास मोजता येतो का, बॉस?

वजन कमी करायचं ऑपरेशन आता ऑफिसच्या कॉफी ब्रेकमध्येही चर्चेला येतं. पण ऑपरेशननंतर फुप्फुसांनीच संप पुकारला तर? आणि त्या वेळी तुम्ही मुंबई-पुण्यात नाही, तर चंद्रपूर-गडचिरोलीत असाल तर?

समजा, तुम्ही चंद्रपूरचे. वय ३४. बँकेत नोकरी, तुकूममध्ये फ्लॅट, ईएमआय चालू. उंची १७० सेंटिमीटर, वजन १२८ किलो. बीएमआय ४४. डाएट करून झालं, जिमची वर्षाची फी भरून तीन आठवडे जाऊन झालं, सकाळी रामाळा तलावापर्यंत चालून झालं. शुगर वाढलेली, रात्री घोरणं असं की बायको दुसऱ्या खोलीत. शेवटी नागपूरला जाऊन ऑपरेशन करायचं ठरवता. आई म्हणते, "चांगला धडधाकट आहेस, कायले पोट कापून घेऊन राहिला रे?" तुम्ही हसता. ऑपरेशन मस्त होतं. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, संध्याकाळी घरी. मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे पाठवतात.

पाचव्या रात्री दोन वाजता जाग येते. छाती धडधडतेय. डाव्या खांद्यात दुखतंय. श्वास पुरत नाहीये. तुम्ही स्वतःला समजावता, गॅस झाला असेल. सकाळी बघू.

थांबा. हा लेख त्या 'सकाळी बघू'बद्दल आहे.

आधी चांगली बातमी

घाबरवण्याचा अजिबात हेतू नाही. बॅरियाट्रिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचा शौक किंवा आळशांचा शॉर्टकट, हा समज आता जुना झाला. सगळ्यात जास्त होणाऱ्या 'स्लीव्ह'मध्ये पोटाचा, म्हणजे जठराचा, साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची बारीक नळी करून स्टेपल मारतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांमधून. त्यानंतर वजन तर उतरतंच, पण अनेकांचा डायबिटीस, बीपी आणि झोपेत श्वास अडकणं हेही आटोक्यात येतं.

विदर्भाला या ऑपरेशनची ओळख करून दिली ती आपल्याच माणसानं. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पुढे २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद मुंबईला आली. तिचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं जात होतं. क्रेननं उचलून तिला हॉस्पिटलात नेलं, मार्चमध्ये स्लीव्ह झाली आणि महिनाभर सगळे चॅनेल तिच्याच मागे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत ती गेली. कारण सांगितलं गेलं हृदयाचं आणि किडनीचं दुखणं. तिची केस अगदीच टोकाची. पण एक गोष्ट त्यातून दिसली. इतकं वजन असलेलं शरीर ऑपरेशन टेबलावर येतं तेव्हा फक्त पोट येत नाही. हृदय, किडनी, फुप्फुसं, सगळी मंडळी सोबत येतात.

मग रिस्क किती? अमेरिकेतल्या १० केंद्रांमधल्या ४,७७६ पेशंटांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. बायपास किंवा बँड झालेल्यांपैकी पहिल्या ३० दिवसांत दगावले ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. मोठी गुंतागुंत झालेले ४.३ टक्के. चांगल्या टीमकडे हे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास जाणारे आकडे आहेत. म्हणजे बहुतेक जण आरामात घरी जातात. आज बोलायचंय ते उरलेल्या चार जणांबद्दल.

फुप्फुसं का रुसतात?

एक साधा प्रयोग करा. पोटभर जेवून पाठीवर सपाट झोपा आणि खोल श्वास घ्या. जड जातं ना? वजन जास्त असेल तर पोटातली चरबी पडद्याला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूला, कायमच वर ढकलत असते. त्यात भूल दिली की फुप्फुसाचे खालचे कोपरे मिटतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात, त्याचा आणखी दाब. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. मिटलेले कोपरे तसेच राहतात आणि तिथे जंतू मुक्काम ठोकतात. झाला न्यूमोनिया.

दुसरा व्हिलन म्हणजे रक्ताची गुठळी. पायाच्या शिरेत तयार होते, सुटते आणि थेट फुप्फुसात जाऊन अडकते.

तिसरा सगळ्यात लबाड. लीक. स्टेपलच्या ओळीत कुठे तरी बारीक भोक राहतं आणि जठरातला पाझर पोटात सांडतो. स्लीव्हनंतर असं शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं, आणि बऱ्याचदा पेशंट घरी गेल्यावर. पोटात जंतुसंसर्ग, तिथून रक्तात, आणि मग फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. जाड माणसाचं पोट वरून दाबून पाहिलं तरी फारसं सांगत नाही. सांगते ती नाडी. १२०च्या वर धावणारी नाडी दिसली की अनुभवी सर्जन आधी लीकचाच संशय घेतो.

यातल्या कुठल्याही वाटेनं दोन्ही फुप्फुसं सुजली, पाण्यानं भरली आणि ऑक्सिजन आत घेईनाशी झाली की त्याला म्हणतात एआरडीएस. हे नाव वैद्यकशास्त्रात आलं १९६७ मध्ये, फक्त १२ पेशंटांच्या निरीक्षणातून. कोव्हिडमध्ये ते आपल्या सगळ्यांच्या घरात शिरलं. २०१६ साली जाहीर झालेल्या जगभरच्या एका पाहणीत तीव्र एआरडीएसमध्ये मृत्यूचं प्रमाण होतं ४६ टक्के. जवळपास नाणेफेक.

व्हेंटिलेटरचा फंडा

व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असं आपल्याकडे लोक धरून चालतात. तसं नाही. व्हेंटिलेटर उपचार करत नाही, तो वेळ मिळवून देतो. खरा उपचार म्हणजे लीक बंद करणं, पू काढणं, गुठळी विरघळवणं, अँटिबायोटिक. पण तो वेळ कसा मिळवायचा यातही शास्त्र आहे.

पूर्वी व्हेंटिलेटरनं भरपूर हवा ढकलायचे. २००० साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानं दाखवलं की कमी हवा दिली तर जास्त माणसं वाचतात. मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. सूत्र सोपं आहे: दर किलोमागे ६ मिलिलिटर. पण कुठले किलो? इथेच गंमत आहे. काट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढलेले. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही! आपल्या १७० सेंटिमीटरच्या मित्राचे 'फुप्फुसाचे किलो' ६६च. म्हणजे एका श्वासाला साधारण ४०० मिलिलिटर. कुणी १२८ किलोचा हिशेब केला तर जवळजवळ दुप्पट हवा जाईल आणि आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी फाटेल.

दुसरी युक्ती आणखी साधी. पेशंटला पालथं झोपवायचं, दिवसाचे सोळा-सोळा तास. २०१३ च्या फ्रेंच अभ्यासात यानं महिन्याभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. मशीन नवं नाही, औषध नवं नाही. फक्त कूस बदलली. अर्थात पोटावर ताजे टाके असलेल्या १२८ किलोच्या माणसाला नळ्यांसकट पालथं करायला चार-सहा तयारीची माणसं लागतात.

आणि मग एक्मो

एवढं करूनही ऑक्सिजन वर येईना, तर उरतं ते एक्मो. जयललिता २०१६ मध्ये, एस. पी. बालसुब्रमण्यम २०२० मध्ये एक्मोवर होते. त्यामुळे आपल्याकडे हा शब्द ऐकला की लोक हात जोडतात. पण मशीनचा इतिहास उलटं सांगतो. १९७१ मध्ये अमेरिकेत अपघातात जबर जखमी झालेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाला ७५ तास अशा मशीनवर ठेवलं आणि तो वाचला. मोठ्या माणसाचं हे पहिलं यश.

काम कसं चालतं? मांडीतल्या मोठ्या शिरेत करंगळीच्या जवळपास जाड नळी घालतात. काळपट रक्त बाहेर येतं, पंपातून एका कृत्रिम पडद्यापाशी जातं. तिथे कार्बन डायऑक्साइड निघतो, ऑक्सिजन मिसळतो, आणि लालभडक रक्त मानेच्या शिरेतून परत शरीरात. मिनिटाला चार-पाच लिटर. म्हणजे फुप्फुसांना चक्क पगारी रजा. ती बरी व्हायला दिवस लागोत की आठवडे, तोवर शरीराचं काम मशीन बघतं.

फुकट मात्र काहीच नाही. रक्त नळीत गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावं लागतं, आणि ताज्या ऑपरेशनच्या पेशंटला तेच महागात पडू शकतं. रक्तस्राव, मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सगळे धोके आहेत. चोवीस तास शेजारी उभी राहणारी ट्रेंड टीम लागते आणि बिल लाखांत जातं. फायदा? २००९ च्या ब्रिटिश अभ्यासात एक्मो केंद्रात पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के सहा महिन्यांनी अपंगत्वाशिवाय जिवंत होते, न पाठवलेल्यांपैकी ४७ टक्के. २०१८ च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात मृत्यू ३५ विरुद्ध ४६ टक्के निघाले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पक्का ठरला नाही. थोडक्यात, जादूची कांडी नाही. योग्य पेशंटला, योग्य वेळी दिलेली एक खरी संधी आहे.

पूर्वी 'जाड आहे' म्हणून एक्मो नाकारायचे. आता तो विचार बदललाय. अलीकडच्या अभ्यासांत लठ्ठ पेशंट इतरांपेक्षा वाईट निभावतात असं दिसलेलं नाही. त्यातही ऑपरेशननंतरचा पेशंट बहुधा तरुण असतो आणि आजाराचं कारण दुरुस्त करता येण्यासारखं असतं. वजनाच्या ऑपरेशननंतर एआरडीएस होऊन एक्मोवर गेलेली आणि चालत घरी गेलेली माणसं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

१५० किलोमीटरचा प्रश्न

आता नकाशा उघडा. चंद्रपूर ते नागपूर साधारण १५० किलोमीटर. गडचिरोली शहर त्याहून थोडं लांब. आणि गडचिरोली जिल्हा म्हणजे फक्त शहर नव्हे. दोन तृतीयांशहून जास्त भाग जंगल. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. चंद्रपूरला २०१५ पासून मेडिकल कॉलेज आहे, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स २०१४ पासून राज्यभर धावते. पण एक्मोसारखी गोष्ट मोठ्या शहरातल्या मोजक्या ठिकाणीच सापडते.

एप्रिल २०२१ आठवतोय? कोव्हिडनं फुप्फुसं जवळजवळ निकामी झालेल्या नागपूरच्या एका तरुणीला अभिनेता सोनू सूदनं एअर अ‍ॅम्ब्युलन्सनं हैदराबादला हलवलं, एक्मोसाठी. ती अनेक दिवस झुंजली, पण मे महिन्यात गेली. तेव्हा नागपूरसारख्या शहरालाही दुसऱ्या राज्याकडे बघावं लागलं. तिथे भामरागडच्या माणसानं कुठे बघायचं?

म्हणून अशा भागातल्या माणसासाठी एक्मोचा खरा प्रश्न 'मशीन आहे का' हा नसतोच. प्रश्न असतो 'वेळेत निघालो का' हा. ऑक्सिजन ९२ असताना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसलेला पेशंट आणि ७० असताना बसलेला पेशंट, दोघांसाठी रस्ता तोच. प्रवास मात्र वेगळा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही हलवायचं असेल तर लवकर हलवावं, सगळे उपाय थकल्यावर नव्हे. आणि एक्मोचा फायदाही फुप्फुसं फार दिवस जास्त दाबाखाली रगडली जाण्याआधीच जास्त.

गडचिरोलीची आयडिया

आता जरा उलटं बघू. श्वासाच्या बाबतीत जगाला शिकवणारा जिल्हा कुठला? गडचिरोली!

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून इथे 'सर्च' संस्थेतर्फे काम करतात. तेव्हा इथली लहान मुलं न्यूमोनियानं जायची. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. बंगांनी काय केलं? गावातल्या माणसांना श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजा आणि औषध सुरू करा. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांची पाटी आणि मिनिटाची वाळूची घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी आला की धोका. यातून बालमृत्यू कमी झाल्याचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास द्यायला शिकल्या. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तीच पद्धत २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

या सगळ्याचा आपल्या बँकवाल्या मित्राशी काय संबंध? थेट संबंध आहे. एक्मो ही श्वासाच्या रस्त्यावरची शेवटची चौकी. पहिली चौकी म्हणजे घरात बसून मोजलेला श्वास. शेवटची चौकी नागपूरला किंवा त्याहून लांब आहे. पहिली तुमच्या हॉलमध्ये आहे, आणि तिला लागतं एक घड्याळ.

ऑपरेशनआधी हे विचाराच

• तुमच्याकडे आयसीयू आहे का, आणि रात्री तिथे कोण असतं? एक्मोची वेळ आलीच तर मला कुठे पाठवाल? सर्जनला हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला सर्जन उत्तर तयार ठेवतो.

• घोरता? झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीचं मशीन ऑपरेशनच्या आधीपासून लावायचं असतं.

• सिगरेट किमान सहा आठवडे आधी बंद. आणि खर्रा? तोही! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. 'धूर नाही ना त्यात' ही सबब चालणार नाही.

• वजनाचं इंजेक्शन घेताय? मौंजारो आणि वेगोवी २०२५ मध्ये भारतात आली. त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं. उपाशीपोटी आलो असं वाटलं तरी आत अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

• इन्शुरन्स तपासा. २०१९ च्या इर्डाच्या नियमांप्रमाणे हे ऑपरेशन कव्हर व्हायला बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, अशा अटी असतात. गुंतागुंत झाली तर आयसीयूचं बिल त्याच पॉलिसीत बसतं का, हे लेखी विचारा.

• चंद्रपूरच्या मे महिन्यात करताय? स्लीव्हनंतर पाणी घोट-घोटच जातं. उन्हाळ्यात शरीर सुकलं की गुठळीचा धोका वाढतो. तारीख ठरवताना हे डॉक्टरांशी बोला.

• पहिले दोन आठवडे नागपुरातच कुणाकडे राहता येईल का? मावशी, मित्र, सासुरवाडी, कुणीही. मान-अपमान नंतर बघू.

घरी आल्यावर

तीन रंगीत बॉलचं ते स्पायरोमीटर शोकेसमध्ये ठेवायला दिलेलं नाही. दर तासाला दहादा ओढा. त्याच दिवसापासून चाला. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं असेल तर एकही डोस चुकवू नका.

आणि सकाळ-संध्याकाळ तीन आकडे वहीत लिहा: नाडी, एका मिनिटाचे श्वास, बोटावरच्या मशीनचा ऑक्सिजन. निरोगी मोठा माणूस शांत बसला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तुमच्यासाठी धोक्याचा आकडा कुठला, हे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे नाडी १२०च्या वर, श्वास २४च्या वर किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली राहिला, सोबत ताप, खांद्याची कळ किंवा एका पायाला सूज असेल, तर गॅसची गोळी नाही. फोन. त्याच तासाला.

आता परत तुकूमच्या त्या फ्लॅटमध्ये या. रात्रीचे दोन वाजलेत. तुम्ही म्हणताय, "सकाळी बघू." पण या वेळी आई उशाशी बसलीय, हातात तुमचंच घड्याळ. तिला लीक माहीत नाही, एआरडीएस माहीत नाही, एक्मो तर नाहीच नाही. तिनं फक्त एक मिनिट तुमच्या छातीकडे बघितलंय.

"अठ्ठावीस होऊन राहिले रे बाप्पा," ती म्हणते. "सकाळ-बिकाळ काही नाही. ऊठ. लाव फोन."

तिचं ऐका. नागपूर अजून १५० किलोमीटर लांब आहे.